सुनेला दीड हजार, सासूला नकार: राज्याचं धोरण ठरतं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याची आत्या ६७ वर्षांची, विधवा. वृद्धांना दरमहा पैसे देणाऱ्या श्रावणबाळ योजनेसाठी अर्ज केला, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४८ हजार दिसतं म्हणून नामंजूर झाला. त्याच घरात, त्याच रेशनकार्डावर तिच्या सुनेला लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार येतात. ‘मी राज्यशास्त्र शिकतो. पुस्तकात लिहिलंय की मंत्रिमंडळ धोरण ठरवतं आणि प्रशासन राबवतं. मग ही दोन धोरणं एकाच सरकारची कशी? आणि बदल हवा असेल तर सांगायचं कुणाला?’

मी महसूल खात्यातला. तहसीलमध्ये संजय गांधी शाखा, म्हणजे निराधार आणि वृद्धांच्या अनुदानाचं काम पाहणारी शाखा, सांभाळली, नंतर प्रतिनियुक्तीवर मंत्रालयात योजनांच्या फायली हाताळल्या. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. तुमच्या आत्याचं काम होईल की नाही हे दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणून तो भाग शेवटी घेतो. आधी मोठा प्रश्न.

सरकार दुटप्पी आहे का, असा तुमच्या प्रश्नाचा सूर आहे. मला विचाराल तर खरा मुद्दा वेगळा आहे. पात्रतेची रेषा कोण आखतं, आणि एकदा आखलेली रेषा वर्षानुवर्षं जागची का हलत नाही? धोरण म्हणजे रक्कम असं लोक धरून चालतात. माझ्या अनुभवात धोरण रेषेत असतं.

आकडेच पाहू. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या दोन्ही योजनांत, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला साधारण ५८ रुपये, तेही अख्ख्या घराचे. योजना स्वतः देते महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००. घराने वर्षभरात जेवढं कमवायची परवानगी आहे, जवळपास तेवढंच सरकार एका माणसाला देतंय! उलट लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. तुमच्या आत्याच्या सुनेला घराचं उत्पन्न कुणी विचारलंच नसणार.

आता वयाची गंमत बघा. लाडकी बहीण २१ ते ६५ वर्षांपर्यंत. श्रावणबाळ ६५ च्या पुढे. कागदावर एक योजना संपते तिथे दुसरी सुरू होते, छान जोडणी वाटते. पण घराचं उत्पन्न वर्षाला ऐंशी हजार असलेली बाई ६५ ओलांडली की एका योजनेतून वयामुळे बाहेर पडते आणि दुसरीत उत्पन्नामुळे शिरू शकत नाही. म्हातारपणी पैशांची गरज वाढते, तेव्हाच बंद. असं कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही, आणि मला तेच जास्त काळजीचं वाटतं.

हे होतं कसं, ते फाइलच्या प्रवासातून समजतं. राज्यघटनेच्या कलम १६६ खाली राज्याची कार्यनियमावली असते. कोणतं काम कोणत्या विभागाचं, कोणता विषय मंत्रिमंडळापुढे न्यायचा, कशाला वित्त विभागाची सहमती लागते, हे सगळं तिच्यात. श्रावणबाळ आणि संजय गांधी सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे. लाडकी बहीण महिला व बालविकासकडे. फाइल कक्ष अधिकाऱ्यापासून निघते, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री अशी चढते, वाटेत वित्त विभागाकडे जाते, गरज असेल तर नियोजन आणि विधी व न्याय विभागाकडे. प्रत्येक जण समोर आलेल्या एका प्रस्तावावर शेरा मारतो. दोन विभागांच्या योजनांच्या अटी शेजारीशेजारी ठेवून पाहणं हे कुणा एकाच्या टेबलावरचं कामच नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीत ते व्हावं अशी अपेक्षा असते. पण तिथे एका दिवशी इतके विषय असतात की टिपणीत जे लिहिलेलं नाही त्यावर चर्चा क्वचितच होते.

२१ हजार का हलले नाहीत, याचं उत्तर वित्त विभागात आहे. अनुदान ६०० रुपये होतं तेव्हाही मर्यादा २१ हजारच होती. २०१९ मध्ये अनुदान १,००० झालं, २०२३ मध्ये १,५०० झालं. मर्यादा तिथेच. दिव्यांगांसाठी तेवढी ती ५०,००० केली गेली. मंत्रालयात बसून पाहिलं की कारण दिसतं. रक्कम वाढवायचा प्रस्ताव गेला की वित्त विभाग विचारतो, आर्थिक भार किती? विभाग सांगतो: इतके लाभार्थी, गुणिले वाढ, गुणिले बारा. गणित एका ओळीत बसतं, ते मान्य होऊ शकतं. मर्यादा वाढवायचा प्रस्ताव गेला की प्रश्न तोच येतो, पण उत्तर देता येत नाही. मर्यादा ५० हजार केली तर नवे अर्ज किती येतील? घरांच्या उत्पन्नाची खात्रीची नोंद सरकारकडे नाही, त्यामुळे विभाग अंदाज देतो. अंदाजावर वित्त विभाग पानभर शंका काढतो आणि फाइल परत येते. ‘तूर्तास स्थगित ठेवावे’ हा शेरा मी ज्या फायलींवर पाहिला, त्यातल्या बऱ्याच मर्यादा वाढवण्याच्या होत्या. वित्त विभागातली माणसं निर्दय असतात असं मुळीच नाही. उघड्या टोकाची जबाबदारी घ्यायची नाही, हे त्यांना नेमून दिलेलं काम आहे. शिवाय रक्कम वाढवली की तिची बातमी होते. मर्यादा वाढवली तर कोण टाळ्या वाजवणार?

मग लाडकी बहीणला अडीच लाखांची मर्यादा कशी मिळाली? कारण ती फाइल खालून वर गेलीच नाही, वरून खाली आली. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये लाडली बहना योजना आली होती आणि तिचा राजकीय परिणाम सगळ्यांनी पाहिला होता. आपल्याकडे २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा झाली, वर्षाला ४६ हजार कोटींचा आकडा सांगितला गेला आणि शासन निर्णयही त्याच तारखेचा. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात. मूळ निर्णयात कमाल वय ६० होतं, पाच एकर जमिनीची अट होती, अधिवास प्रमाणपत्र हवं होतं. दाखल्यांसाठी तहसीलमध्ये आणि सेतू केंद्रांवर झुंबड उडाली आणि आठवड्याभरात सुधारणा निघाल्या: वय ६५, जमिनीची अट रद्द, अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल. खर्चाचा भार किती हा प्रश्न इथेही होता, पण त्याचं उत्तर आधी राजकीय पातळीवर ठरलं आणि वित्त विभागाच्या वाट्याला पैसे जुळवायचं काम आलं.

म्हणून ती योजना वाऱ्यावर सोडलीय असं नाही. तिची चाळणी नंतर आली. निवडणुकीनंतर पडताळणी सुरू झाली, चारचाकी, सरकारी नोकरी, दुसऱ्या योजनेचा लाभ हे तपासलं जाऊ लागलं, पुढे ई-केवायसी आली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद ३६ हजार कोटी दिसली. दोन्ही योजनांत गाळणी आहेच. श्रावणबाळमध्ये ती दारातच लागते, लाडकी बहीणमध्ये आत घेतल्यावर लागली. लाभार्थ्याच्या दृष्टीने दुसरी पद्धत जास्त त्रासाची असू शकते, कारण मिळत असलेले पैसे अचानक थांबतात. पण आत शिरायला मिळालं हेही खरं.

तुम्ही विद्यार्थी आहात, म्हणून शासन निर्णय कसा वाचायचा तेही सांगतो. बहुतेक जण ‘शासन निर्णय’ हे शीर्षक पाहतात आणि खालची रक्कम वाचून कागद मिटतात. मी शेवटापासून वाचायला लागतो. शेवटच्या परिच्छेदांत दोन गोष्टी शोधा. एक, ‘यासाठी होणारा खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष अमुक याखालील तरतुदीतून भागवण्यात यावा’ (लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पात तो खर्च ज्या शीर्षाखाली नोंदतात ते). दोन, ‘हा शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने’. खर्चाच्या निर्णयात या दोन्ही ओळी नसतील तर तो कागद अजून इच्छाच आहे. मग वरचे ‘संदर्भ’ पाहा, म्हणजे आधीचे कोणते निर्णय अधिक्रमित झाले, म्हणजे नव्या निर्णयाने मागे पडले, कोणते अजून लागू आहेत ते कळतं. रक्कम सगळ्यात शेवटी वाचली तरी चालते, ती वर्तमानपत्रात आलेलीच असते.

‘धोरण’ नावाच्या कागदांनाही हीच कसोटी लावा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण आणलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. नंतर २००१, २०१४ आणि २०२४ मध्ये नवी धोरणं आली. पहिल्या धोरणाच्या काळातलं आजही टिकलेलं काय? हिंदू वारसा कायद्यात राज्याने केलेली दुरुस्ती, जिच्यामुळे २२ जून १९९४ पर्यंत लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हिस्सा मिळाला. केंद्राने हे २००५ मध्ये केलं. जे कायद्यात उतरलं ते राहिलं. ज्या कलमांपुढे ‘प्रयत्न करण्यात येतील’ होतं, ती किती जणांना आठवतात?

आणि महाराष्ट्राने सर्वात चांगलं धोरण केलं ते रोजगार हमीचं, असं माझं मत आहे. ती कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यात तासगाव भागात छोटा प्रयोग झाला, मग १९७२ च्या दुष्काळात मागेल त्याला काम या कल्पनेची राज्यभर परीक्षा झाली. पण कल्पनेवर ते थांबले नाहीत. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून पैसा आला; त्या वसुलीइतकीच भर राज्याने घालायची, असा स्वतंत्र निधी उभा राहिला. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. हक्क कायद्यात, पैसा वेगळ्या निधीत. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर पुढे व्यवसाय कराची कपात दिसेल, तिचं मूळ हे. केंद्राने २००५ मध्ये देशासाठी कायदा केला तेव्हा त्यामागे आपला पंचवीसहून अधिक वर्षांचा अनुभव होता. रोजगार हमी योजनेत भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रकं निघाली, हे मी नाकारत नाही. पण एखाद्या तहसीलदाराने ‘निधी नाही’ म्हणून काम नाकारणं कायद्यात बसत नव्हतं. श्रावणबाळ शासन निर्णयावर उभी आहे. एका निर्णयाने अटी आल्या, दुसऱ्याने बदलू शकतात.

केंद्राचा भाग छोटा आहे, पण रुततो. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम १९९५ पासून आहे. त्यातल्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ८० वर्षांखालच्या माणसामागे केंद्र महिन्याला २०० रुपये देतं. तो आकडा कितीतरी वर्षांत बदललेला नाही. तोही दारिद्र्यरेषेच्या यादीतल्यांनाच, आणि ती यादी २००२ च्या पाहणीची. लाभार्थ्यांच्या संख्येलाही केंद्राने मर्यादा घातलेली आहे. दीड हजारातले उरलेले १,३०० राज्य घालतं. यादीत नाव नसलेल्यांचे सगळेच्या सगळे राज्याचे. त्यामुळे २०० रुपयांच्या भागीदाराची जुनी यादी आजही दीड हजारांच्या योजनेत आडवी येते.

इथवरचा सारांश: रेषा विभाग सुचवतो, वित्त विभाग गोठवतो, निवडणूक कधीतरी ती हलवते, आणि केंद्राच्या जुन्या याद्या तिला बांधून ठेवतात. आता तालुका.

तालुक्यात धोरण पुन्हा एकदा ठरतं. अर्ज तहसीलमध्ये येतो, मंजुरी तालुका समिती देते. समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीने आलेला अशासकीय माणूस, सदस्य सचिव तहसीलदार. पण खरा निर्णय त्याआधीच झालेला असतो, उत्पन्नाच्या दाखल्यावर. दाखल्याला आधार तलाठ्याचा अहवाल. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच.) ५८ रुपये रोजात घर चालत नाही, हे तलाठ्याला कळतं, तहसीलदारालाही कळतं. म्हणून गठ्ठा उघडला की दाखले दिसायचे: २०,०००, २०,५००, २१,०००, पुन्हा २१,०००. ‘एकवीसचा दाखला’ असं त्याला नावच पडलं होतं. बाई येऊन सांगायची, साहेब, एकवीसचा पाहिजे. एखादा तलाठी नव्याने आलेला, नियमावर बोट ठेवणारा, तो मजुरीचे दिवस गुणिले दर असा हिशोब करून ४८ हजार लिहितो. तुमच्या आत्याच्या बाबतीत असंच काहीसं झालं असावं. त्याचा अहवाल कदाचित पूर्ण खरा असेल. मर्यादा अशी अवास्तव असली की खरं लिहिणाऱ्याच्या सजेतल्या (तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांतल्या) म्हाताऱ्या उपाशी राहतात आणि डोळेझाक करणाऱ्याच्या सजेतल्यांना पेन्शन मिळते. आणि डोळेझाक कुणासाठी करायची हे ज्याच्या हातात, त्याच्या ओट्यावर गर्दी.

दुसरी गोष्ट बाहेरच्या कुणाला सहसा माहीत नसते. या योजनांचं अनुदान एका गठ्ठ्यात येत नसे. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशी वेगवेगळी लेखाशीर्षं. त्यामागचा हेतू चांगला होता: लोकसंख्येच्या प्रमाणात त्या समाजांवर खर्च झालाच पाहिजे. आदिवासी विकासाच्या निधीसाठी सुकथनकर समितीने हीच दिशा दाखवली आणि ती इतर राज्यांनीही अभ्यासली. पण तहसीलमध्ये त्याचं रूप असं दिसायचं: बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर सर्वसाधारणचं अनुदान आलंय, देयक कोषागारात गेलंय, अनुसूचित जातीच्या शीर्षावर शून्य. एकाच गावात, एकाच बँकेच्या रांगेत एका म्हातारीचे पैसे जमा, तिच्या मागच्या म्हातारीचे दोन महिन्यांनी. तिला लेखाशीर्ष काय सांगणार? ती म्हणायची, ‘आमचंच का राहतं?’ आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, त्यामुळे तहसीलचा टप्पा कमी झालाय. शीर्षं वेगळी असणं संपलेलं नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी सामाजिक न्याय विभागाचा निधी वळवल्यावरून त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली होती, ती याच राखीव पैशाबद्दल.

आता तुमच्या आत्याचं. पहिलं, २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या यादीत तिचं किंवा तिच्या दिवंगत यजमानांचं नाव आहे का, ते ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत पाहा. असेल तर २१ हजारांच्या दाखल्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरं, नामंजुरीचं कारण लेखी मागा आणि ४८ हजारांत कुणाकुणाचं उत्पन्न धरलंय ते बघा. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल, स्वयंपाक वेगळा असेल आणि तरी त्याची मजुरी धरली असेल, तर पुराव्यानिशी फेरचौकशी मागता येते. तिसरं, ‘रेशनकार्ड वेगळं काढा, काम होईल’ असं सांगणारे दहा जण भेटतील. एकत्र राहत असाल तर ते खोटं आहे, आणि सुनेच्या योजनेची पडताळणी रेशनकार्डावर आली तर ते तिच्याही अंगाशी येईल. खरं सांगायचं तर एकवीस हजारांच्या अटीने किती घरं कागदावर फुटली, याची गणती कुणी केलेली नाही.

आणि सांगायचं कुणाला? निवेदनं सगळेच देतात, मीही टोपलीभर आवक-जावकला नोंदवली आहेत. ‘मर्यादा वाढवावी’ एवढंच लिहिलेल्या निवेदनावर ‘नस्तीबद्ध करावे’, म्हणजे फाइलला लावून ठेवावे, एवढंच होतं. मर्यादा वाढवायच्या फाइलमध्ये नेमकं काय कमी असतं ते वर लिहिलंय: किती लोक वाढतील याचा आकडा. तो तुम्ही मिळवू शकता. माहितीच्या अधिकारात तहसील कार्यालयाकडे विचारा की गेल्या तीन आर्थिक वर्षांत श्रावणबाळ आणि संजय गांधीचे किती अर्ज आले, किती नामंजूर झाले, आणि त्यातले केवळ उत्पन्न २१ हजारांपेक्षा जास्त म्हणून किती. त्या अर्जांवर दाखल्यातलं उत्पन्न काय होतं, हेही मागा. शेजारच्या दोन तालुक्यांत मित्रांकरवी तेच विचारा. मग ‘मर्यादा ५० हजार केली तर तीन तालुक्यांत इतके अर्ज पात्र होतील, वर्षाचा भार इतका’ असं एका पानावर मांडून आमदारांना द्या. त्यांना तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना करायला तयार माल लागतो, आणि सभागृहात प्रश्न लागला की विभागाला उत्तरासाठी फाइल उघडावीच लागते.

वेळ मात्र पाळा. विभागांचे पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या आगेमागे तयार होऊ लागतात, मार्चमध्ये अर्थसंकल्प येतो तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. त्यामुळे माहिती अर्ज पावसाळ्यातच टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत तीस दिवसांची. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर अपिलात वेळ घालवण्याआधी तालुका समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. त्यात नामंजूर अर्जांची यादी कारणासह जोडलेली असते. बेरीज तुम्हीच करा.